दाराच्या वरची जागा

"मॅडम, तुमच्या ह्या इमारतीत संडास कुठंय?"

सगळ्या वर्गासमोर उभं राहून, माईक तोंडाशी धरून मी हे विचारलं. लंबू आणि चष्मिशनं तशी पैजच लावली होती. विचारलं तर आठवडाभर त्या दोघी माझं दप्तर वाहणार, नाही विचारलं तर त्यांची दोन्ही माझ्या पाठीवर. लंबूच्या दप्तरात विटा असतात की काय कोण जाणे, त्यामुळे मला दुसरा मार्गच नव्हता.

वर्ग फुटला. बाईंनी डोळे एवढे वटारले की मला वाटलं आता ते गालावरच सांडणार. पाहुण्या मात्र हसल्या नाहीत. त्या आर्किटेक्ट होत्या. शहराच्या कडेला नवं हॉस्पिटल होणार आहे, ते त्यांचं, आणि अजून विटेवर वीट न चढलेलं ते हॉस्पिटल त्या आम्हाला पडद्यावर दाखवत होत्या.

"चांगलं विचारलंस. चल, जाऊ या," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी माऊस हलवला तशी आमची अख्खी तुकडी भिंतीतून आरपार, जिन्यावरून, लांबलचक कॉरिडॉरमधून थेट संडासात जाऊन उभी राहिली.

"बाई गं," चष्मिश माझ्या कानात म्हणाली, "सहलीला गेल्यावर पण इतक्या पटकन नाही नेत."

मॅडमनी एका दारावर क्लिक केलं. बाजूला चौकट उघडली आणि त्या दाराची सगळी कुंडली बाहेर आली: कोणत्या कंपनीचं, वजन किती, ओल सोसतं का, किती वर्षांनी बदलायचं. त्यांनी सांगितलं की हल्ली इमारत आधी कॉम्प्युटरमध्ये पूर्ण उभी करतात, मग जमिनीवर. त्याला बिम म्हणतात. नुसतं चित्र नाही ते. त्यातल्या प्रत्येक वस्तूला, अगदी नळालासुद्धा, विचारलं की उत्तर देता आलं पाहिजे.

"पण मॅडम, हे दार आमचं नाहीये," मी म्हणाले. माईक अजून माझ्याच हातात होता.

"तुमचं म्हणजे?"

"माझे बाबा संडासाची दारं बनवतात. ह्या शाळेतली सगळी आमचीच आहेत."

वर्ग पुन्हा फुटला. मागून कुणीतरी "संडासवाली!" अशी आरोळी ठोकली. मी मागे वळून हात हलवला, स्टेजवरून हलवतात तसा.

मॅडम म्हणाल्या, "तुमचं दार मी वापरलंही असतं. पण ते लायब्ररीत नाही ना."

"लायब्ररीत दार?"

"पुस्तकांच्या नाही गं. कंपन्या आपापल्या वस्तूंची मॉडेल्स करून ठेवतात, ती लायब्ररी. मी तिथून उचलते आणि इमारतीत बसवते. जे तिथं नाही, ते माझ्यासाठी जगातच नाही. हे आत्ताचं दार मी तात्पुरतं टाकलंय. महिनाअखेर पक्कं करणार. त्याआधी बाबांना पाठवायला सांग."

त्यांनी मला त्यांचं कार्ड दिलं. लंबूनं माझं दप्तर उचललं. म्हणाली, "तू किती धीट झालीयेस गं. गेल्या वर्षी तर हजेरीला 'उपस्थित' म्हणताना पण लाल व्हायचीस."

खरं होतं ते. 'संडासवाली' हे नाव मला पाचवीत पडलं आणि नंतर कितीतरी वर्षं मी ते ऐकलं की बुटांकडे बघत चालायचे. ह्या वर्षी ते सगळं गेलं. सगळ्यांना वाटतं हिला कंठ फुटला. मलाही तसंच वाटायला आवडतं. पण दातांच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर कसं, आपला गाल जागेवर असतो, बोटानं दाबला तर बोटाला कळतं पण गालाला कळत नाही. तसं झालं होतं माझं. कशाचंच काही वाटेना, त्यात लाजही गेली. 

काका गेल्यापासून.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. बाबांना मी अहो-जाहो करते, काकाला अरे-तुरे करायचे. कारखान्यात दारं बनवायचे बाबा, पण त्यामागचं डोकं काकाचं. खिडकीजवळ त्याचं टेबल होतं, तिथं बसून तो ड्रॉइंग काढायचा आणि मी शाळेतून थेट तिथं जाऊन बडबड केली की म्हणायचा, "आला भोंगा. दहा मिनिटं बंद ठेवायचे काय घेशील?" आमच्या दाराची बिजागरी त्यानं शोधलेली. आत कुणी चक्कर येऊन दाराला टेकून पडलं, तर बाहेरून किल्ली फिरवून उपयोग नसतो, दार आत ढकलताच येत नाही. काकाच्या बिजागरीवर दार नुसतं बसवलेलं असतं. खालच्या फटीत हात घालायचे, वर उचलायचं, कडीसकट अख्खं दार हातात. 

परीक्षा संपल्या त्या आठवड्यात काका कारखान्याच्या संडासात गेला, आणि बाबांना धप्प आवाज आला. काका दाराला टेकून पडला होता. बाबांनी दार उचलून काढलं. लगेच निघालं. काकाची बिजागरी अगदी जशी चालायला हवी तशी चालली.

काका वाचला नाही.

त्यानंतर आमच्या घरात कुणी रडलं नाही, भांडलं नाही, काही नाही. आई ऑर्डरींचे फोन घ्यायची, पॅकिंगवर उभी राहायची, घरी येऊन कुकर लावायची. बाबा "हं" म्हणायचे. पूर्वी बाबांचे दहा वेगवेगळे "हं" होते, रागाचा, कौतुकाचा, 'तुझ्या आईला विचार'चा. आता एकच उरला होता. 

त्या दिवशी मी कार्ड घेऊन कारखान्यात गेले आणि सगळं एका दमात सांगितलं.

"अहो, ऐकताय का?" आई म्हणाली. "पोरगी काय म्हणतेय?"

"हं."

"हं काय? मागच्या तीन ऑर्डरी ह्याच कारणानं गेल्या. तुमचं दार मॉडेलमध्ये नाही म्हणे. मला वाटलं मॉडेल म्हणजे नटूनथटून चालतात ते." आईनं सेलोटेप दातानं तोडली. "हे हॉस्पिटल मिळालं तर शेड चालेल. नाही मिळालं तर मोठ्या कंपनीचा माणूस आपली मशिनं विकत घ्यायला दोनदा येऊन गेलाच आहे. मग मिस्त्रींना आणि बाकीच्यांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा, मी नाही सांगणार."

बाबांनी खिडकीजवळच्या टेबलाकडे पाहिलं. तिथं कुणी काही ठेवत नव्हतं, कुणी बसतही नव्हतं. 

"बोलव कुणाला तरी," ते म्हणाले. 'हं'च्या पलीकडचं इतकंच.

आईनं शोधून एका मुलीला बोलावलं. ती लॅपटॉप घेऊन आली. आम्ही तिला मॉडेलवाली ताई म्हणायला लागलो. तिनं येताच काकाच्या टेबलाकडे बोट करून विचारलं, "इथं बसू?" आणि सगळ्यांनी एकदम तिच्याकडे असं पाहिलं की ती बिचारी आपोआप पॅकिंगच्या टेबलावर खोक्यांच्या मध्ये जाऊन बसली.

बाबांनी काकाच्या ड्रॉइंगची सगळी भेंडोळी तिच्यासमोर आणून टाकली.

"ह्यातलं काय काय घेऊ?" ताईनं विचारलं.

"सगळं."

"सगळं म्हणजे, स्क्रूसुद्धा?"

"सगळं," बाबा म्हणाले आणि मशीनवर निघून गेले.

ताईनं सगळं केलं. मी शाळा सुटली की तिच्या शेजारी स्टूल ओढून बसायचे. दार, चौकट, कडी, बिजागरी, बिजागरीतली पिन, पिनेखालची चकती, प्रत्येक स्क्रू आणि स्क्रूवरचे आटे. पूर्ण झालं तेव्हा तिनं बिजागरी पडद्यावर फिरवून दाखवली आणि मिस्त्री, आई, पॉलिशवाल्या मावशी सगळे मागे येऊन उभे राहिले. बाबाही आले. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभे राहिले. 

दुसऱ्या दिवशी दुपारी आर्किटेक्ट मॅडमचा फोन आला. आईनं स्पीकरवर टाकला.

"अहो, तुमचं दार बसवलं आणि माझं हॉस्पिटल बंद पडलं! तीनशे दारं, प्रत्येकात एवढे स्क्रू, कॉम्प्युटर हलेचना. माझ्या ऑफिसातली मुलं चहाला निघून गेली. मला दार पाहिजे हो, घड्याळ नको!"

"आमच्या दिरांचं ड्रॉइंग तसंच आहे," आई म्हणाली.

"ड्रॉइंग तुम्हाला बनवायला. मला फक्त बाहेरून कसं दिसतं ते, आणि माहिती. आतलं सगळं काढा."

मग ताई काढायला बसली. आधी आटे गेले, मग स्क्रू, मग चकत्या. बाबा हातात कानस घेऊन शेजारी उभे होते आणि पडद्याकडे बघत होते, जसं कुणी बसस्टॉपवर दुसऱ्याच नंबरच्या बसकडे बघतं.

"एखादा ठेव की गं," आई म्हणाली.

"एक ठेवून काय करणार काकू? उगाच दिसेल, बाकीचे कुठं गेले म्हणून."

शेवटी पिन गेली, बिजागरी गेली. उरली एक चपटी फळी. दार म्हणे ते. त्याच्यावर क्लिक केलं की चौकट उघडायची आणि त्यात एक ओळ होती: बाहेरून उचलून काढता येते का. समोर ताईनं लिहिलं, हो. काकाचा तेवढाच भाग आत गेला. मला वाटलं आपल्याला आता काहीतरी वाटेल. मी वाट पाहिली. नाही वाटलं.

"अजून एक," ताई म्हणाली. "दार वर उचलायचं तर वर जागा मोकळी हवी ना? मी तिथं एक रिकामा डबा काढून ठेवते. दिसत नाही, पण इमारतीत दुसऱ्या कुणी त्यात काही घुसवलं की लाल होतं. किती जागा सोडू?"

"पंचवीस," बाबा म्हणाले. पंचवीस मिलिमीटर, पिनेची लांबी तेवढीच. काकाच्या ड्रॉइंगवरही तेच.

हलकं झालेलं दार गेलं. दोन दिवसांनी मॅडमचा निरोप आला की हॉस्पिटल बंद पडलं नाही, सगळीकडे हिरवं दिसतंय, महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर पक्कं करू. आईनं सगळ्यांना चहा पाजला. मिस्त्रींनी बाबांच्या पाठीवर हात ठेवला. बाबा म्हणाले, "हं."

इथंच सगळं संपलं असतं, पण मला लागली.

कारखान्यात दोन संडास आहेत. काका गेल्यापासून आम्ही सगळे पलीकडचाच वापरत होतो. असं कुणी ठरवलं नव्हतं. त्या दिवशी पलीकडच्यात पॉलिशवाल्या मावशी मोबाईल घेऊन गेल्या होत्या, म्हणजे आता दिवाळखोरी जाहीर झाली तरी त्या बाहेर येणार नव्हत्या. मी दोनदा दार वाजवलं. "आले गं," म्हणाल्या, म्हणजे नाही. मग मी गेले अलीकडच्यात.

मिस्त्रींनी दार परत बसवलं होतं. पोपटी दार, काकाच्याच आवडीचा रंग. मी कडी लावली, बसले, आणि बसल्यावर माणूस जिकडे बघतं तिकडे बघितलं. समोर दार. दाराच्या वर मोकळं. त्याच्याही वर, भिंतीपासून भिंतीपर्यंत दिव्याच्या वायरचा पत्र्याचा पाईप आडवा गेलेला. आणि तो पाईप एका जागी चेपला होता. चेपलेल्या जागेला पोपटी रंग लागला होता.

मी तिथंच बसून तो रंग किती वेळ पाहिला माहीत नाही. दार आणि पाईप ह्यांच्यामध्ये माझा पंजा आडवा मावला असता. पंचवीस नव्हतं ते. पंचवीस म्हणजे जेमतेम दोन बोटं जाड. 

बाहेर आल्यावर मी थेट बाबांकडे गेले. मशीन चालू होतं, त्यामुळे मला ओरडावं लागलं.

"बाबा! त्या दिवशी तुम्ही दार किती वर उचललंत?"

बाबांनी मशीन बंद केलं. फळीचा तुकडा अर्धा कापलेला तसाच राहिला. आई खोक्यांमागून बाहेर आली. ती मला गप्प करणार होती, तिचं तोंडही उघडलं होतं, पण मी बाबांचा हात धरून त्यांना ओढत नेलं. कधीच असं केलं नव्हतं. बाबांच्या हाताला लाकडाचा भुसा होता.

बाबा दारात थांबले. मग त्यांनी वर पाहिलं. मग खिशातून टेप काढली, सवयीनं, आणि दाराच्या वरच्या कडेपासून त्या पोपटी डागापर्यंत धरली.

"नव्वद," ते म्हणाले.

"ड्रॉइंगवर पंचवीस आहे."

"दोघांनी दोन्ही बाजूंनी सरळ उचललं तर पंचवीस." बाबा अगदी साध्या आवाजात बोलत होते, गिऱ्हाईकाला सांगतात तसं. "मी एकटा होतो. कडीच्या बाजूनं ओढलं वर. एका बाजूनं उचललं की दार तिरकं होतं, हा कोपरा वर जातो. धाडकन लागला पाईपला. पाईप पत्र्याचा, चेपला, म्हणून निघालं."

"आणि पाईपच्या जागी छत असतं तर?"

बाबांनी टेप गुंडाळून खिशात ठेवली. 

आमच्या शेडचं छप्पर एवढं उंच आहे की वर कबुतरं राहतात. तिथंच दारं बनवली, तिथंच काढून-घालून पाहिली. शाळांमध्ये, ऑफिसांत बसवली तीही वरून उघडीच. दाराच्या वर काय आहे हा प्रश्न ह्या कारखान्यात कधी कुणाला पडलाच नाही. काकालासुद्धा नाही. आणि हॉस्पिटलवाल्यांना दारं हवी होती पार छताला भिडतील अशी, वर फक्त पंचवीसची चीर.

"बाबा, काका तेव्हा काही बोलला का?"

आई माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. तिचा श्वास ऐकू येत होता.

"दार मी बाजूला टाकलं," बाबा म्हणाले. "तर म्हणाला, नीट ठेव रे, कोपरा जाईल."

आई हसली. खरंच हसली, नाकातून, एकदाच. मग ती पुढं गेली आणि दाराचा वरचा कोपरा तिनं अंगठ्यानं चाचपून पाहिला. गेलाच होता कोपरा, जरासा.

त्या संध्याकाळी मी ताईला फोन करून त्या रिकाम्या डब्यात पंचवीसचे नव्वद करायला सांगितलं. बाबांना विचारलं होतं, ते "हं" म्हणाले होते. ताईनं बदललं. दुसऱ्या दिवशी तीनशेच्या तीनशे दारं लाल झाली.

फोन आला तेव्हा मॅडमबरोबर हॉस्पिटलच्या हवेची यंत्रणा बघणारे साहेब पण होते. आम्ही त्यांचं नाव डक्टवाले साहेब ठेवलं.

"अहो, काय थट्टा लावलीय?" स्पीकर थरथरत होता. "तुम्ही पंचवीस सांगितलंत, त्यावर आम्ही फॉल्स सिलिंग पक्कं केलं. त्याच्या वर माझे हवेचे डक्ट आहेत. ते काय ओलं कापड आहे, पिळून बारीक करायला?"

"नव्वद लागतात," बाबा म्हणाले.

"काल पंचवीस, आज नव्वद, उद्या म्हणाल छतच काढा! तुमच्याच ड्रॉइंगवर पंचवीस आहे का नाही?"

"आहे."

"मग झालं तर!"

"दार जरा आखूड केलं तर नाही का चालणार?" आईनं विचारलं.

मॅडम म्हणाल्या की हॉस्पिटलवाले तयार नाहीत, त्यांना आहे ती चीरसुद्धा जास्त वाटतेय. त्यांचा आवाज नरम होता, पण त्या थकलेल्याही वाटल्या. "हे बघा, उद्या मीटिंग आहे. हॉस्पिटलचे लोक, हे साहेब, मी, सगळे असू. तुमचा आकडा पुन्हा पंचवीस झाला तर तुमचं दार पक्कं. नाहीतर मी ते आधी तात्पुरतं टाकलेलं, बाहेरून किल्लीनं उघडायचं दार कायम करते. माझ्या हातात वेळ नाहीये."

फोन बंद झाला. आईनं मोबाईल पालथा ठेवला, जणू तो अजून बघत असेल.

घरी जेवताना नुसते भांड्यांचे आवाज. म्हणजे रोजचंच. चमचे, ताटं, पाण्याचा तांब्या. मग आई म्हणाली, "अहो, काय करायचं?"

"पंचवीस लिहायला सांग," बाबा म्हणाले.

मी घास खाली ठेवला. "बाबा, छत असतं तर नसतं ना निघालं दार?"

"नसतं."

"मग?"

"मग काय? निघालं ना त्या दिवशी." बाबा ताटाकडे बघत होते. "लगेच निघालं. काय झालं निघून? ज्याचं व्हायचं ते होतंच. निदान शेड तरी राहील. मिस्त्री कुठं जाणार ह्या वयात?"

आईनं भात वाढला. तिलाही शेड हवी होती. मलाही हवी होती. ह्यात कुणीच वाईट नव्हतं, डक्टवाले साहेबसुद्धा नाहीत. त्यांच्या पडद्यावर पंचवीस हिरवं दिसत होतं, आणि हिरवं दिसलं की माणूस पुढं जातो.

पण मला ती ओळ आठवली, बाहेरून उचलून काढता येते का, हो. काकाचे सगळे स्क्रू, आटे, चकत्या काढून टाकल्यावर उरलेलं ते एक 'हो'. आणि पंचवीस लिहिलं की ते खोटं होणार होतं. तीनशे वेळा. 

"दार निघालं म्हणून तुम्ही आत गेलात," मी म्हणाले. माझा आवाज मलाच कुठूनतरी लांबून आल्यासारखा वाटला. "नसतं निघालं तर तो आत एकटा असता आणि तुम्ही बाहेर. कोपरा जाईल, हे त्यानं कुणाला सांगितलं असतं?"

बाबांचा हात ताटात थांबला. मग ते पाणी प्यायले आणि पेला खाली ठेवताना तो ताटाच्या कडेला लागून वाजला. त्यांना ते कळलंही नाही बहुतेक.

"ते लोक ऐकणार नाहीत बाळा," आई म्हणाली. "आकड्याला आकडा देतात. आपण नव्वद म्हटलं की ते ड्रॉइंग दाखवतात."

"मग आकडा सांगायचाच नाही," मी म्हणाले, आणि माझ्या तोंडून ते निघेपर्यंत मलाही माहीत नव्हतं की मी ठरवलंय. "उद्या मी शाळेत जाणार नाहीये. मीटिंगला येणार आहे."

"तू? तू काय करणार तिथं?"

"टेम्पोत नमुन्याचं दार टाकायचं, चौकटीसकट, दोन्ही बाजूंच्या फळ्यांसकट. वर बरोबर पंचवीसवर एक जाड फळी ठोकायची. ते त्यांचं छत. मी आत जाणार, कडी लावणार आणि दाराला टेकून खाली बसणार. मग आतून म्हणणार, साहेब, माझं नाव-गाव काही विचारू नका, मला चक्कर आलीय, काढा बाहेर."

"अगं पण—"

"साहेबांनीच उचलायचं. एकट्यानं. बाबा, तुम्ही बाजूला उभं राहायचं आणि हात लावायचा नाही. कितीही वाटलं तरी."

बाबा माझ्याकडे बघत होते. ताटाकडे नाही, भिंतीकडे नाही, माझ्याकडे.

"आणि नाही निघालं दार तर?" त्यांनी विचारलं.

"तर मी बाहेर येणार नाही," मी म्हणाले. "ती वरची फळी कुणीतरी काढेपर्यंत आतच बसणार, आणि ओरडणार. काका मला उगाच भोंगा म्हणत नव्हता."